शिकण्यापुरतं वाद्य

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात 'निवृत्तीनंतरचे छंद' या सत्रात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे लंच टाइम संपायला लागणारा वेळ, तेव्हा थोडं इकडेतिकडे होईल. सांभाळून घ्या.

आमच्या घरी काय वाजतं, हा प्रश्न गेलं दीड वर्ष सोसायटीत चर्चेत आहे, हे मला ठाऊक आहे. विमानतळावरून सामान आलं त्या दिवशी आपल्या वॉचमननी विचारलं, "काका, इस्त्रीचं टेबल आणलं का?" पाय जोडल्यावर, खाली पेडल बघून, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "शिवणाचं मशीन दिसतंय." दोघांचंही काही चुकलं नाही. दिसतं ते तसंच. त्याचं नाव पेडल स्टील गिटार. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे, आणि खरं म्हणजे ती विकत घेताना मी काय चूक केली त्याविषयी बोलणार आहे. कारण ती चूक आपण सगळेच करतो, फक्त वस्तू वेगवेगळ्या असतात.

आधी हे वाद्य काय आहे ते सांगतो. माझ्या वयाच्या मंडळींना हवाईयन गिटार आठवत असेल. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये सिनेमाची गाणी या गिटारवर लागायची. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं तेव्हा घराघरांत माहीत होती. ही पद्धत हवाई बेटांतली. जोसेफ केकुकू नावाच्या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली असं मानतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथून अमेरिकेत तिचं वेड पसरलं. आपल्याकडेही ती पोचली. टाऊ मो हे हवाईयन वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्याला राहत होते. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्याच गिटारवर राग वाजवले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड पुष्कळांच्या घरी असेल. तिच्यात संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसादजींची आणि गिटार काब्रांची.

मी १९७३ साली बँकेत लागलो. पुढच्या वर्षी बोनस मिळाला, त्यातून एक हवाईयन गिटार घेतली. चार वर्षं शिकलो. मग बदल्या सुरू झाल्या. कोकणातल्या एका शाखेत तीन पावसाळे काढले, तिथे गिटार माळ्यावर राहिली आणि दमट हवेने तिची मान वाकली. पुढच्या बदलीत ती कोणाला तरी देऊन टाकली. माझी पत्नी म्हणायची, "रिटायर झालात की परत घ्या." २०१० साली रिटायर झालो. घेतली नाही. दरवर्षी ती आठवण करायची, दरवर्षी मी म्हणायचो, "बघू."

तिला तुम्ही सगळे ओळखत होता. आपल्या गणपतीत आरतीचा सूर ती धरायची. ती 'सुखकर्ता' म्हणून सूर लावायची आणि मग सगळी सोसायटी तिच्या मागे. ती गेली त्या वर्षी मला पुढे उभं केलं गेलं. मी सूर लावला तो इतका वर लागला की दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचा श्वास संपला. तुम्ही प्रेमाने हसलात. मीही हसलो. पण घरी आल्यावर मनात आलं, की आता आपला कान गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुलीने मला डॅलसला नेलं, सहा महिन्यांसाठी. तिकडे ज्येष्ठ नागरिकाला काय काम असतं, ते इथले पुष्कळ जण जाणतात. सकाळी फिरायचं, नातवाला बसपर्यंत सोडायचं आणि मग चारपर्यंत खिडकी. एक दिवस मुलीच्या गाडीत रेडिओ चालू होता. अमेरिकेतलं खेड्यापाड्यातलं गाणं असतं, ज्याला ते कंट्री म्हणतात, तसलं काहीतरी. मध्येच एक वाद्य वाजलं. हवाईयन गिटारसारखं, पण तिच्याहून काही निराळं. एक सूर जागेवर थांबलेला आणि त्याच्याच पोटातून दुसरा सूर हळूच वर चढतोय. माझ्या अंगावर काटा आला. जावयाला विचारलं, त्यांनी शोधून सांगितलं: "बाबा, हे पेडल स्टील."

आता तांत्रिक दोन मिनिटं. हवाईयन गिटारमध्ये कांडी सरकवली की सगळ्या तारा एकदम सरकतात. मींड मिळते, पण सगळे सूर बरोबरच जातात. पेडल स्टीलमध्ये पायाने पेडल दाबलं की ठराविक तारच ताणली जाते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. नेहमीच्या वाद्याला दहा तारा. 'ई नाईन' या नावाची जुळणी असते. आठव्या तारेला सा धरला, तर सहावी ग आणि पाचवी प. पहिलं पेडल दाबलं की प चा ध होतो. दुसरं दाबलं की ग चा शुद्ध म होतो. म्हणजे सा-ग-प वाजत असताना दोन्ही पेडल दाबली तर कांडी न हलवता सा-म-ध होतं. सा मात्र तिथेच. डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज लहानमोठा करण्याच्या वेगळ्या पेडलवर, आणि शिवाय दोन्ही गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या. एक दांडी सा ला अर्धा सूर चढवते, दुसरी अर्धा सूर उतरवते. डावा हात कांडीवर, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. थोडक्यात, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणं, फक्त सुरात. (हशा)

पेडलं लावण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. पण तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवायचा, हे लोकांच्या कानात बसलं ते वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यापासून. १९५४ साली ते गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी वाजवलं होतं. त्यानंतर शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांनी नॅशव्हिलला कारखाना काढला. दोघांच्या नावांवरून त्याचं नाव शो-बड. पुढे एमन्स बाहेर पडले आणि त्यांच्या नावाची वेगळी गिटार निघाली. डॅलसमध्ये एमएसए नावाची कंपनी होती. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या या गिटारींना तिकडे 'व्हिंटेज' म्हणतात, म्हणजे आपलं 'जुनं ते सोनं'.

मला नवीन घ्यायची नव्हती. तिची किंमत ऐकून मी रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसलो. शिवाय मनात आपलं ठरलेलं वाक्य: या वयात काय, शिकण्यापुरती मिळाली तरी पुष्कळ. हे वाक्य आपण किती वेळा म्हणतो बघा. मुलाला पेटी घ्यायची, शिकण्यापुरती. नातीला तबला, शिकण्यापुरता. स्वतःला चष्मा, वाचण्यापुरता. चांगलं ते पुढे, येऊ लागल्यावर.

डिसेंबरात एक जाहिरात दिसली. सत्तरच्या दशकातली विद्यार्थ्यांसाठी बनवलेली गिटार, सहाशे पन्नास डॉलर. मी आणि जावई गेलो. लाकूड आरशासारखं चकचकीत. मुठी, कड्या सगळं पॉलिश केलेलं. विकणाऱ्याने दोन तारा छेडून दाखवल्या. मी वीस मिनिटांत सौदा केला.

मंडळी, मी सदतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली अकरा वर्षं कर्ज विभागात. तारण ठेवलेलं ट्रॅक्टरचं इंजिन चालू करून बघितल्याशिवाय मी कधी सही केली नाही. गोदामातली पोती मागच्या रांगेतली उपसून बघायचो, कारण पुढच्या रांगेत सगळेच चांगला माल लावतात. आणि स्वतःच्या पैशाने वस्तू घेताना मी फक्त पुढची रांग बघितली.

सराव सुरू झाला. रोज दोन तास. पुस्तक आणलं, धडे आणले. पहिल्या आठवड्यात कळलं, की धड्यांतल्या निम्म्या गोष्टी माझ्या गिटारवर होतच नाहीत. धड्यांमध्ये तीन पेडल आणि चार गुडघ्याच्या दांड्या धरलेल्या. माझ्या गिटारला दांडी एकच. पण ते चाललं असतं. खरी अडचण सुराची. मी प लावायचो, बरोबर लागायचा. पेडल दाबून ध, तोही ठीक. पेडल सोडून परत प वर यायचो, तर काहीतरी खुपायचं. कांडी किंचित मागे घ्यायचो, प बरोबर वाटायचा, पण मग सा बिघडायचा. सा नीट केला की प चढा. तास-तास हेच. नातू एकदा म्हणाला, "आजोबा, तुम्ही एकच गोष्ट परत परत का करता?" मी काय सांगणार?

जानेवारीत मी मुलीला म्हटलं, माझा कान तपासून आण. तिने नेलं. डॉक्टरांनी वयाप्रमाणे बारीक, उंच आवाज थोडे कमी ऐकू येतात, बाकी ठीक, असं सांगितलं. माझं समाधान झालं नाही. मला गणपतीतली ती आरती आठवत होती. मला वाटलं, डॉक्टरांच्या यंत्रात आवाज कळतो, सूर कळत नाही. घरातला सूर जिच्याकडे होता ती गेली आणि आपला उरलासुरला होता तोही गेला. खोटं सांगत नाही, मी गिटार पेटीत भरली आणि तीन आठवडे उघडली नाही.

फेब्रुवारीत जावयांनी मला एका हॉलमध्ये नेलं. तिकडे स्टील गिटारवाले एकत्र जमून वाजवतात, बहुतेक माझ्याच वयाचे. तिथे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ भेटले. आयुष्यभर या गिटारी दुरुस्त करत आलेले. जावयांनी त्यांना माझी गोष्ट सांगितली. मला लाज वाटली. ते म्हणाले, उद्या घेऊन या.

त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी एक सूर वाजवूनसुद्धा बघितला नाही. गिटार टेबलावर उलटी केली. बस. मी दोन महिने त्या गिटारसमोर बसत होतो आणि तिची खालची बाजू मी एकदाही बघितली नव्हती. या वाद्याचं सगळं काम खाली असतं. पेडलपासून सळया वर येतात, त्या आडव्या दांड्यांना फिरवतात, त्या दांड्यांवरचे कोपरासारखे तुकडे लांब सळया ओढतात, आणि सळया उजव्या टोकाच्या बोटांना ओढतात. तारा त्या बोटांवरून गेलेल्या असतात. पेडल सोडलं की बोट जागेवर यायला पाहिजे. माझ्या गिटारच्या बोटांत कित्येक वर्षांचं तेल साचून मेणासारखं घट्ट झालं होतं. एक स्प्रिंग ढिली होती. एक सळई वाकलेली होती. वर आरसा, खाली काजळी.

मग त्यांनी सूर मोजण्याचं छोटं यंत्र लावलं, ज्याला काटा असतो. पाचवी तार छेडली. काटा मध्यावर. पेडल दाबलं, सोडलं, परत छेडली. काटा मध्यावर येईना. उजवीकडेच थांबला, म्हणजे तार चढीच राहिली. परत केलं, परत तसंच. ते माझ्याकडे बघून हसले आणि जे बोलले त्याचा अर्थ असा, की गिटारची चूक तुम्ही रोज हाताने दुरुस्त करत होता. तुम्हाला ती ऐकू येत होती म्हणून तर दुरुस्त करत होता. कान बिघडलेला माणूस खुशाल वाजवत बसला असता.

मंडळी, मी त्या गॅरेजमध्ये एका स्टुलावर बसलो आणि थोडा वेळ मला बोलता आलं नाही. जावई बाहेर गेले, फोन आल्यासारखं करून. समजूतदार आहेत.

माझं आजचं सांगणं एवढंच आहे. ज्याला वाजवता येतं, त्याला बिघडलेलं वाद्य दिलं तर तो म्हणतो, वाद्य बिघडलं आहे. नवशिक्याला बिघडलेलं वाद्य दिलं तर तो म्हणतो, मला येत नाही. त्याच्याकडे तुलना करायला काही नसतं. म्हणून कमअस्सल वस्तू कोणाला चालणार असेल तर ती उस्तादाला चालेल. शिकणाऱ्याला नाही. आपण बरोबर उलटं करतो.

पुढे काय झालं ते सांगतो, आणि त्याबरोबर, उद्या कोणाच्या मुलाने-नातवाने तिकडे जुनी पेडल स्टील घ्यायची ठरवली तर काय बघायचं, तेही सांगतो. मला ते त्या गृहस्थांनी शिकवलं. पेटी, सतार, जुनी गाडी, कशालाही थोडंफार लागू पडेल.

पहिलं: आपल्याला काय शिकायचं आहे आणि शिकवणारे कशावर शिकवतात, ते आधी बघा. दहा तारा, एकच मान, ई नाईन जुळणी, तीन पेडल, चार दांड्या. धडे बहुतेक याच मांडणीवर असतात. दोन मानांची गिटार दिसायला भारदस्त असते. तिच्या दुसऱ्या मानेवर सी सिक्स नावाची निराळी जुळणी असते. पण केससकट ती तीस किलोच्या आसपास भरते, आणि सुरुवातीला एक मान सांभाळता सांभाळता पुरेवाट होते. जुन्या फेंडरच्या ४०० नंबरच्या गिटारला आठ तारा, आणि पेडल केबलने चालतात. तिचा गोडवा वेगळा आहे, पण आजचे धडे तिच्यावर तसेच्या तसे बसत नाहीत. ती दुसरी गिटार म्हणून घ्यावी.

दुसरं: पेडलांचा क्रम विचारा. दोन पद्धती आहेत. एक बडी एमन्स यांच्या नावाने, दुसरी जिमी डे यांच्या नावाने. दोन्हींत क्रम उलटसुलट. दोन्ही चांगल्या, पण शिकवणाऱ्याची एक आणि आपली दुसरी असं नको.

तिसरं: उलटी करून बघा. विकणारा नको म्हणाला तर चहा पिऊन घरी या. सळया सरळ आहेत का, त्यांच्या टोकाच्या नायलॉनच्या चकत्या फुटल्या आहेत का, सगळ्या जागी जोडणी आहे का, बोटं सहज हलतात का. काही वर्षांच्या गिटारींत ओतीव, ठिसूळ धातूचे तुकडे वापरलेले असतात. ते तुटले तर जोडता येत नाहीत, बदलावे लागतात.

चौथं: काट्याची परीक्षा. प्रत्येक पेडल आणि प्रत्येक दांडी, दहा-दहा वेळा दाबून सोडायची आणि काटा परत जागेवर येतो का बघायचं. मी ही परीक्षा पहिल्या दिवशी केली असती, तर तीन महिने आणि बरीचशी झोप वाचली असती.

पाचवं: पहिली दोन पेडल एकदम दाबायची आणि ज्या तारेला ती लागू नाहीत, म्हणजे आपला सा, तो किती उतरतो ते बघायचं. ताण वाढला की लाकडी सांगाडा किंचित वाकतो, त्यामुळे थोडं उतरणारच. पण कानाला बोचण्याइतकं उतरलं तर नमस्कार करून निघायचं.

सहावं: तार ओढण्याच्या यंत्रणा दोन-तीन प्रकारच्या असतात. एमन्सच्या जुन्या गिटारींत ढकलण्या-ओढण्याची जी यंत्रणा आहे, तिच्या नादावर जाणकार जीव टाकतात. पण ती जुळवायला हात मुरलेला लागतो. नवशिक्याने फक्त ओढण्याची सरळ यंत्रणा घ्यावी, जी स्वतः पान्याने जुळवता येते.

सातवं, आणि आपल्या वयात सगळ्यात महत्त्वाचं: बसून बघा. गुडघे दांड्यांपर्यंत आरामात पोचतात का? पाय अवघडतो का? मी उभ्याउभ्या घेतली होती.

त्या गृहस्थांच्याच ओळखीतून मला सत्तरच्या दशकातली एमएसए 'क्लासिक' मिळाली. एक मान, तीन पेडल, चार दांड्या. दिसायला माझ्या पहिलीपेक्षा साधी. काळ्या रंगावर ओरखडे, एका कोपऱ्याला टवका. चौदाशे डॉलर. या वेळी मी दीड तास बघितली. उलटी केली, काटा लावला, बसलो, उठलो, परत बसलो. विकणारी बाई म्हणाली, तुम्ही पूर्वी काय काम करत होता? म्हटलं, कर्ज देत होतो. पहिली गिटार त्या गृहस्थांनी जमेल तेवढी साफ करून दिली. मी दोष कागदावर लिहून, ते दाखवून, चारशेला विकली. अडीचशे डॉलरचं नुकसान. ती माझी शिकवणीची फी.

आणताना पाय, पेडलची पट्टी, सळया काढून दुसऱ्या बॅगेत घातल्या. विमानतळावर मुख्य पेटीचा काटा बावीस किलो आठशेवर थांबला, मर्यादा तेवीसची. त्या दोनशे ग्रॅममध्ये देव दिसतो म्हणा ना. गिटारला स्वतःला वीज लागत नाही, म्हणून व्होल्टेजचा प्रश्न आला नाही. अँप्लिफायर मात्र तिकडचे एकशेवीस व्होल्टचे, म्हणून तो इथे घेतला. तिसरी तार सगळ्यात बारीक, ०.०११ इंचाची, आणि सगळ्यात जास्त तीच तुटते. ती आपल्याकडे गिटारच्या दुकानात सुटी मिळते. तेल टाकायचं तर सुईच्या टोकाएवढं. जास्त तेल म्हणजे पुढच्या पिढीची काजळी.

आता तुमच्या मनातला प्रश्न: काका, वाजवता येतं का? प्रामाणिक उत्तर, थोडं येतं. दीड वर्षात सात-आठ गाणी बसली आहेत. प वरून ध आणि ध वरून प आता ठीक येतं. चुका होतात, पण त्या माझ्या असतात, हे मला कळतं, आणि माझ्या चुका मी दुरुस्त करू शकतो. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून दुपारी हेडफोन लावून वाजवतो. संध्याकाळी सहा ते सात फक्त उघड्यावर. या वेळेबद्दल कोणाची हरकत असेल तर समितीकडे लेखी द्यावी, मी पावती देईन. (हशा)

यंदाच्या गणपतीत आरतीच्या आधी मी एक गोष्ट केली, ती बहुतेकांच्या लक्षात आली नाही. वरून निघण्यापूर्वी मी आठव्या तारेवर, तिला जो सूर धरायची सवय होती, त्या जागी कांडी ठेवली. तो सूर मला पक्का आठवत होता. तो गुणगुणत जिना उतरलो. लिफ्ट घेतली नाही, कारण लिफ्टमध्ये गाणं लागतं. खाली आल्यावर तोच लावला. कोणी हसलं नाही. सगळी कडवी झाली आणि कोणाचा श्वास संपला नाही.

शेवटी एक विनंती, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना. काही शिकायचं राहिलं असेल तर आता शिका. आणि शिकण्यापुरतं घेऊ नका, चालणारं घ्या. महाग घ्या असं मी म्हणत नाही. माझ्या चौदाशेच्या गिटारवर ओरखडे आहेत. पण उलटं करून बघा, जाणकाराला बरोबर न्या, आणि जमत नाही असं वाटलं तर स्वतःला दोष देण्याआधी एकदा वाद्य तपासा. जमलं नाही म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींपैकी काही गोष्टींत दोष आपला नसेलही.

लहान मुलांना सांगून ठेवतो: दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता बी विंगमध्ये या. एकेकाने पेडल दाबून बघायचं. ती इस्त्री नाही आणि शिवणाचं मशीनही नाही, हे एकदा सगळ्यांनी बघून घ्या.

दहा मिनिटांची वीस झाली. व्याज धरून परत केली असं समजा.